हिवाळ्यातला बास आणि जागच्या जागी हलणारी फ्लाय

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहाना नदीचे पात्र रुंद, उथळ आणि खडकाळ आहे. जुलै महिन्यात इथला स्मॉलमाउथ बास पाण्यावर डुबुक डुबुक करत ओढलेल्या बनावट बेडकावर तुटून पडतो. जानेवारीत त्याच नदीचे पाणी तीन-चार अंश सेल्सिअसवर उतरते आणि तोच मासा त्याच बेडकाकडे ढुंकूनही पाहत नाही. मासे आता झोपले, असे म्हणून बहुतेक जण रॉड आणि रीळ माळ्यावर टाकतात. पण बास झोपत नाही. तो कमी खातो, जवळचेच खातो आणि सावकाश खातो. त्यामुळे फ्लाय बांधणाऱ्यापुढचा प्रश्न बदलतो. उन्हाळ्यात तिला हलवायचे असते. हिवाळ्यात आपण हात आवरला तरी तिच्यात जीव दिसला पाहिजे. थंडीतल्या फ्लायची निवड आणि बांधणी या एका गरजेभोवती फिरते.

फ्लाय म्हणजे गळाच्या दांड्यावर पिसे, केस आणि दोरा बांधून केलेले बनावट भक्ष्य. साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचा किंवा आमिषाचा भार दोरी ओढून नेतो. इथे उलटे असते. फ्लाय जवळपास बिनवजनाची असते, म्हणून भार जाड लाइनमध्ये असतो. लाइन हवेत फिरवून फेकायची आणि तिच्यामागून फ्लाय जाते. साहजिकच फ्लायमध्ये घातलेला प्रत्येक जादा ग्रॅम फेकताना मनगटाला आणि खांद्याला जाणवतो. वजन वाढवले की फ्लाय खोल जाते हे खरे, पण त्याची किंमत मोजावी लागते.

आता माशाविषयी थोडेसे. ज्याला ‘ब्लॅक बास’ म्हणतात तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, सनफिश कुळातला मासा. त्यातले दोन प्रकार गळवाल्यांचे लाडके. लार्जमाउथ तळ्यांत, धरणांत आणि पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतो. स्मॉलमाउथला वाहते, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. अटलांटिककडे वाहणाऱ्या पोटोमॅक किंवा सस्क्वेहानासारख्या नद्यांमध्ये स्मॉलमाउथ पूर्वी नव्हताच, माणसाने तो आणून सोडला. पोटोमॅकमध्ये तो 1854 मध्ये आला, तोही बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून!

थंडी माशाचे काय करते

बासच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. ढोबळ नियम असा की पाणी दहा अंशांनी थंड झाले की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. पंचवीस अंशांच्या पाण्यातला मासा पाच अंशांवर आला की त्याचे इंजिन चौथाई वेगाने चालते. पचन मंदावते, गिळलेली छोटी मासळी जिरायला कित्येक दिवस लागतात. भूक कमी आणि पळण्याची ताकदही कमी. अशा वेळी मीटरभर पाठलाग करण्यात खर्च होणारी शक्ती घासातून परत मिळेल की नाही, हाच सवाल असतो. म्हणून नाकासमोर रेंगाळणारा घास तो उचलतो आणि दोन हातांवरून सुळकन गेलेला सोडून देतो.

पाणी दहा अंशांच्या खाली जाऊ लागले की स्मॉलमाउथ आपली उन्हाळी जागा सोडतात. काही नद्यांत तर ते हिवाळी डोहांसाठी मैलोगणती प्रवास करतात. खडकाच्या लांब कड्यामागचा डोह, पुलाच्या खांबाआडची संथ जागा, प्रवाहापासून बाजूला गेलेले खोल वळण ही त्यांची हिवाळ्यातली बिऱ्हाडे. तळ्यात गोष्ट जराशी वेगळी. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून बर्फाखाली तळाचे पाणी वरच्यापेक्षा किंचित उबदार असते. नदीचे पाणी मात्र सतत घुसळले जाते, वर-खाली तापमान सारखेच. तिथे मासा ऊब शोधत नाही, प्रवाहाशी झगडावे लागणार नाही अशी जागा शोधतो. फ्लाय टाकायची जागा यावरूनच ठरते.

खाद्यही बदलते. किडे उडत नाहीत, बेडूक दडून बसलेले. उरतात ते तळाशी रेंगाळणारे छोटे मासे, जळवा, दगडाखालच्या अळ्या आणि एखादा चुकार क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला झिंगा. दक्षिणेकडे टेनेसीसारख्या राज्यांतल्या धरणांमध्ये थ्रेडफिन शॅड नावाची चंदेरी मासळी असते. तिला थंडी सोसत नाही. पाणी सात अंशांच्या आसपास आले की ती गांगरते आणि आणखी उतरले की थव्यांनी मरते. मरणारी शॅड कुशीवर होते, थरथरते, थोडी बुडते, थांबते, पुन्हा बुडते. तिथल्या बासला हिवाळ्यात आयते मिळणारे जेवण हे असे जवळजवळ न पोहणारे असते. फ्लाय बांधताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

वजन कुठे घालायचे

फ्लाय निवडताना पहिला विचार रंगाचा येतो. हिवाळ्यात तो शेवटी करावा. आधी ठरवायचे ते ती किती खोल पोहोचेल, तिथे किती वेळ टिकेल आणि टिकलेली असताना तिचे काय हलेल. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींना काटशह देतात. खोल न्यायची तर वजन हवे, पण वजन घातले की ती तळाकडे धावते आणि दगडात अडकते. यातून सुटण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, वजन लाइनमध्ये घालायचे. बुडणाऱ्या लाइनवर ‘टाइप 3’, ‘टाइप 6’ असे आकडे असतात. हा साधारणपणे दर सेकंदाला किती इंच बुडते याचा आकडा. टाइप 3 सेकंदाला साडेसात सेंटिमीटर बुडते, म्हणजे तीन मीटर खाली जायला तिला चाळीस सेकंद लागतात. टाइप 6 ला वीस सेकंद पुरतात. लाइन टाकून मनात आकडे मोजत थांबायचे आणि मग ओढायला सुरुवात करायची. अशा लाइनला मीटरभराचाच आखूड लीडर, म्हणजे टोकाची पारदर्शक दोरी, लावतात आणि फ्लाय मुद्दाम हलकी ठेवतात. लाइन खाली बसते, फ्लाय तिच्या जरा वर तरंगत राहते. तळ्यांसाठी ही उत्तम रीत.

दुसरा, वजन फ्लायमध्येच घालायचे. वाहत्या नदीत लांब बुडणारी लाइन प्रवाहाने वाकते आणि फ्लायला ओढून नेते. तिथे तरंगती लाइन, लांब लीडर आणि वजनदार फ्लाय बरी. तिसरा मार्ग म्हणजे फ्लाय वरून टांगणे, त्याकडे शेवटी येऊ.

वजनाच्या धातूतही निवड असते. शिशापेक्षा टंगस्टन सुमारे पावणेदोन पट घन, म्हणजे तेवढेच वजन लहान मण्यात मावते. पितळ शिशाहून हलके. गळाला लावलेले शिसे गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांनी छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे. नवशिक्याने सुरुवातीपासूनच टंगस्टन-पितळेची सवय लावून घेतलेली बरी.

पीस आणि केस

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सामानात आहे. फ्लाय स्थिर असताना तिचे काय हलावे? या कामात माराबू नावाच्या पिसाला तोड नाही. आज ते टर्कीच्या अंगावरचे मऊ, लवदार पीस असते. नाव मात्र आफ्रिकेतल्या माराबू करकोच्याचे, कारण पूर्वी ते त्याच्याकडून मिळे. या करकोच्याचा भारतीय भाऊबंद म्हणजे टकला, उंच गरुड करकोचा. त्याची शेपटीखालची मऊ पिसे एकोणिसाव्या शतकात बंगालमधल्या कुमारखाली गावाच्या नावाने युरोपात विकली जात आणि तिथल्या बायकांच्या टोप्यांवर, गळपट्ट्यांवर मिरवत. आज हा पक्षी जगभरात मोजकाच उरला आहे आणि आसाम हा त्याचा मोठा आधार. फ्लाय बांधणाऱ्यांचे काम कोंबडी-टर्कीच्या पिसांवर भागते आहे, हे बरेच.

माराबू कोरडे असताना फुगलेला गोळा दिसते. ते पेल्यातल्या पाण्यात बुडवून बघावे. आधी सगळे तंतू दांडीला चिकटून बारीक दोरी होते. पेला टेबलावर ठेवून एका बोटाने कडेला टिचकी मारली की तंतूंची टोके सुटी होऊन वळवळू लागतात आणि पाणी शांत झाल्यावरही काही क्षण हलत राहतात. तळाशी हेच हवे असते.

सशाच्या कातड्याची केसासकट कापलेली पट्टी जवळपास तितकीच जिवंत दिसते आणि जास्त टिकाऊ असते. पण ती पाणी पिऊन जड होते, फेकायला त्रास देते. आर्क्टिक कोल्ह्याचे मऊ केस मधले: आकार धरतात आणि हलतातही. शहामृगाच्या पिसाचे सुटे तंतू छोट्या फ्लायसाठी छान. याउलट हरणाच्या शेपटीचे केस, ज्यांना बकटेल म्हणतात, ताठ असतात. झपझप ओढलेल्या फ्लायमध्ये ते उत्तम, पण संथ पाण्यात काडीसारखे राहतात. म्हणून उन्हाळी नमुने हिवाळ्यासाठी बांधताना पहिला बदल हाच: बकटेल कमी, मऊ केस जास्त.

ब्लेसिंगची बगर

थंडीतली सर्वांत भरवशाची फ्लाय पेन्सिल्व्हेनियातच जन्मली. रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये ‘वूली बगर’ बांधली ती स्मॉलमाउथसाठीच. दगडाखाली राहणाऱ्या, चिमटे असलेल्या हेलग्रामाइट या मोठ्या अळीची नक्कल त्यांना करायची होती. माराबूची शेपटी, लोकरीसारख्या जाड दोऱ्याचे अंग आणि त्यावर वेढत नेलेले कोंबड्याचे मानेचे पीस, एवढाच तिचा पसारा. मासा तिला कधी अळी समजतो, कधी जळू, कधी क्रेफिश.

हिवाळी बगर बांधताना तीन गोष्टी सांभाळाव्या. शेपटी गळाच्या दांड्याइतकीच लांब ठेवावी. त्याहून लांब ठेवली तर सुस्त मासा शेपटीचे टोक चावून सोडून देतो आणि गळ तोंडात जातच नाही. माराबू कात्रीने कापू नये, टोके बोथट होतात आणि वळवळ जाते. लांबी जास्त झाली तर नखांनी चिमटून तोडावे. कोंबड्याच्या पिसाचे वेढे विरळ, तीन-चारच असावेत. दाट वेढे पाण्यात ब्रशसारखे उभे राहतात आणि फ्लाय बुडायला अडवतात. ऑलिव्ह, म्हणजे शेवाळी हिरवा, तपकिरी आणि काळा हे तीन रंग पुरेत.

क्लाउझरचे डोळे

त्याच सस्क्वेहानाकाठी मिडलटाउन गावात बॉब क्लाउझर मासेमारीचे दुकान चालवत आणि मार्गदर्शक म्हणून लोकांना नदीवर नेत. 1980 च्या दशकात डंबेलच्या आकाराचे, शिशाचे जड डोळे बाजारात आले. क्लाउझर यांनी ते गळाच्या दांड्यावर बांधले. वजन दांड्याच्या एका अंगाला आल्याने फ्लाय पाण्यात उलटी होते, गळाचे टोक आकाशाकडे वळते आणि दगडांत अडकत नाही. ओढले की ती पुढे येते, थांबले की डोके खाली करून झेपावते. प्रसिद्ध मासेमार लेफ्टी क्रे यांनी तिला ‘क्लाउझर डीप मिनो’ हे नाव दिले. सस्क्वेहानातल्या स्मॉलमाउथसाठी केलेली ही फ्लाय आज समुद्रातल्या माशांसाठीही जगभर वापरतात.

बांधणी अशी. 2 किंवा 4 नंबरचा गळ घेऊन शिकंज्यात पकडावा. या आकड्यांत लहान नंबर म्हणजे मोठा गळ. दांड्याच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावर दोऱ्याचा पाया द्यावा. नेढ्यापासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर डोळे आडवे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घट्ट मारावेत. मग डोळ्यांखाली, पण दांड्याच्या वरून, गोल वेढे घालून दोरा आवळावा आणि सुपरग्लूचा एक थेंब सोडावा. डोळे बोटाने फिरवून बघावेत. इथे हललेले डोळे नदीवर पहिल्याच दगडाला लागून कलतात आणि मग फ्लाय गोल गोल फिरते.

आता पांढऱ्या केसांची बारीक झुपकी डोळ्यांच्या पुढे बांधून ती डोळ्यांमधल्या खाचेतून मागे न्यावी आणि डोळ्यांमागे पुन्हा दोन-तीन वेढ्यांनी बसवावी. गळ शिकंज्यात उलटा करावा, दोन-तीन चमकदार धागे लावावेत आणि वरच्या अंगाला पोपटी किंवा शेवाळी केसांची दुसरी झुपकी डोळ्यांच्या पुढेच बांधावी. दोऱ्याचे छोटे डोके करून गाठ मारावी, वर वार्निश. सगळे केस मिळून लांबी दांड्याच्या अडीचपट असावी. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे केस फार घालणे. फ्लाय उजेडासमोर धरल्यावर केसांतून पलीकडचे दिसले पाहिजे. हिवाळ्यासाठी वरची झुपकी कोल्ह्याच्या केसांची करावी. संथ डोहासाठी जड डोळ्यांऐवजी मण्यांच्या साखळीतले दोन मणी बांधावेत, म्हणजे ती दगडासारखी कोसळत नाही, हळूहळू उतरते.

टाचणीवरची जळू

आता टांगण्याचा मार्ग. टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवर डेल हॉलो नावाचे खोल, नितळ धरण आहे. सर्वांत मोठ्या स्मॉलमाउथचा विक्रम याच पाण्यातला: 1955 मध्ये पकडलेला, 11 पौंड 15 औंस, म्हणजे सुमारे 5.4 किलोचा मासा. त्या भागातल्या गळवाल्यांनी हिवाळ्यासाठी एक युक्ती रूढ केली. तरंगत्या गोळ्याखाली अडीच ते साडेतीन मीटरवर केसांचे छोटे, हलके आमिष टांगायचे आणि जवळजवळ काहीच करायचे नाही. लाटांवर गोळा डुलतो, खाली आमिष श्वास घेतल्यागत वर-खाली होते आणि अधांतरी थांबलेला बास ते उचलतो.

फ्लाय मासेमारीत हेच करताना अडचण येते. साधी बगर टांगली तर तिचे डोके वर आणि शेपटी खाली लोंबते. मासे असे पोहत नाहीत. तोल साधणारी जळू, म्हणजे ‘बॅलन्स्ड लीच’, यासाठीच बांधतात. एका साध्या टाचणीत टंगस्टनचा मणी ओवायचा, टाचणीचे डोके त्याला पुढून अडवते. नेढे वर वळलेल्या जिग गळाच्या दांड्यावर ही टाचणी अशी बांधायची की मणी नेढ्याच्या पुढे तीन-चार मिलिमीटर राहील. मग मागे माराबूची शेपटी, अंगावर मऊ लोकर. फ्लाय नेढ्याला टांगली की पुढे मणी, मागे गळाचा बाक आणि पीस अशी ती तराजूच्या दांडीप्रमाणे आडवी राहते. बांधून झाल्यावर नेढ्यात दोरा घालून, फ्लाय भिजवून टांगून बघावे. शेपटी किंचित खाली चालते. डोके खाली गेले तर मणी लहान घ्यावा किंवा मागे सरकवावा.

या रीतीत गोळ्याखालची दोरी रॉडपेक्षा लांब होऊ शकते. नेहमीचा रॉड नऊ फुटांचा, म्हणजे पावणेतीन मीटरचा. मासा लागल्यावर गोळा रॉडच्या टोकाच्या कडीला अडकून बसू नये म्हणून ओढ बसताच सैल होऊन दोरीवरून घसरणारा गोळा वापरावा.

रंग आणि गळाचे टोक

रंगाचा विचार शेवटी, तोही थोडक्यात. थंडीत शैवाल कमी असल्याने पाणी बरेचदा नितळ असते, तेव्हा शेवाळी, तपकिरी, राखाडी-पांढरा असे नैसर्गिक रंग घ्यावेत. पावसाने किंवा बर्फ वितळून पाणी गढूळ झाले तर काळा किंवा पोपटी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो, काही मीटर खोलीवर तो काळपटच दिसतो. म्हणून लाल शेपटीवर फार विसंबू नये. चमक उन्हाळ्याच्या निम्मी.

गळाचे टोक मात्र रंगाहून महत्त्वाचे. ते अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावे. रुतले तर धारदार, घसरले तर कानस मारावी किंवा गळ बदलावा. कारण हिवाळ्यात झटका येत नाही. लाइन जराशी जड होते, किंवा उतरत असलेली लाइन मध्येच सैल पडते. शंका आली की हाताने लाइन सरळ ओढावी. रॉड उचलला आणि मासा नसला तर फ्लाय दोन मीटर दूर जाते. लाइन ओढली तर हातभरच सरकते आणि मासा तिथेच असेल तर त्याला दुसरी संधी मिळते.

सोडताना आणि उतरताना

बासची हवेची पिशवी बंद असते, घशातून हवा सोडता येत नाही. दहा मीटर किंवा त्याहून खोलातून मासा वर आणला तर पिशवी फुगते आणि सोडलेला मासा खाली जाऊ शकत नाही. म्हणून फार खोलातल्या माशांच्या मागे लागू नये. हवा गोठणबिंदूखाली असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नये. कल्ल्यांचे नाजूक पडदे क्षणात गोठतात. सस्क्वेहानात 2005 च्या सुमारास स्मॉलमाउथच्या पिल्लांमध्ये रोग पसरला आणि त्यानंतर नदीच्या मधल्या पट्ट्यात बास तत्काळ सोडून देण्याचा नियम आला. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून ठेवला की हे काम पाण्यातच होते.

माणसाची काळजीही तितकीच. पेन्सिल्व्हेनियात 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल या काळात सोळा फुटांपेक्षा लहान होडीत आणि कोणत्याही कयाक-कनूमध्ये जीवरक्षक जाकीट अंगावर घालणे सक्तीचे आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियातल्या मराठी घरांतून कुणी या नदीवर जाणार असेल तर सूर्य डोक्यावर आल्यानंतर, दुपारी निघावे. एका अंशाची वाढही माशाला हलवायला पुरते.

डबीत फार काही लागत नाही. शेवाळी आणि काळी बगर, कोल्ह्याच्या केसांची क्लाउझर दोन वजनांत आणि टाचणीवरची जळू, एवढ्यात हिवाळा निघतो. नवा नमुना बांधावासा वाटला तर तो आधी बादलीत सोडून हात न लावता बघावा. त्यातले काहीच हलत नसेल तर रंग बदलून उपयोग नाही; पीस बदलावे.